कृत्रिम गुडघ्यातला जंतुसंसर्ग आणि ध्वनिलहरींची बातमी

पत्र : माझी पत्नी ६७ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. त्यानंतर दीड वर्ष ती पर्वतीच्या पायथ्यापर्यंत रोज चालत जात असे. गेले सात महिने गुडघा दुखतो, हाताला गरम लागतो, आणि तीन महिन्यांपूर्वी जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाशी बारीक छिद्र पडले, त्यातून पू झिरपतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकांचे तीन कोर्स दिले. प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. छिद्रातला पू टिपून तपासला, त्यात स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू आला. सर्जन म्हणतात, बसवलेला सांधा काढावा लागेल आणि काही आठवड्यांनी नवा बसवावा लागेल, म्हणजे दोन शस्त्रक्रिया. पत्नीचा त्याला ठाम नकार आहे. भाच्याने एक बातमी पाठवली आहे की, एकवटलेल्या ध्वनिलहरींनी शरीरातल्या इम्प्लांटवरचे जंतू चिरफाड न करता मारता येतात. हा उपचार कोठे मिळेल? मिळत नसेल तर वर्ष-दोन वर्षे गोळ्यांवर थांबावे का? घराजवळच्या फिजिओथेरपी केंद्रात अल्ट्रासाऊंडचे यंत्र आहे, ते तोवर वापरावे का? सर्जनचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट नाही, म्हणून मागच्या दोन भेटींना मी एकटाच फाइल घेऊन गेलो होतो. हे पत्र तिच्या नकळत लिहीत आहे. — एक निवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर, पुणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि कारणे नंतर सांगते. भाच्याने पाठवलेली बातमी खोटी नाही, परंतु ज्या उपचाराविषयी ती आहे तो अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. संसर्ग झालेल्या कृत्रिम गुडघ्यावर नेहमीचा उपचार म्हणून तो आज वापरला जात नाही. त्याची वाट पाहत गोळ्यांवर वर्ष-दोन वर्षे काढू नयेत. आणि फिजिओथेरपीचे यंत्र त्या गुडघ्याला अजिबात लावू नये. माझे आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले, शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हे. तेव्हा कोणती शस्त्रक्रिया करावी हे आपले सर्जनच ठरवतील. मात्र आपल्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर प्रयोगशाळेतल्या माणसाची नजर लगेच अडखळते. तिच्याकडे पुढे येते.

गोळ्या घेतल्या की बरे वाटते आणि थांबवल्या की दुखणे परत येते, याचे कारण बहुधा गोळी निकामी असणे हे नसते. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर बसलेले जिवाणू सुटे राहत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडून एक थर बांधतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. चार दिवस न घासलेल्या माठाच्या तळाशी बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो, किंवा सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जो थर जाणवतो, तो याच जातीचा असतो. या थरातले बरेच जिवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात, आणि बहुतेक प्रतिजैविके तर वाढणाऱ्या जिवाणूलाच मारतात. त्यामुळे सुट्या जिवाणूला पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, कधी हजार पटही मात्रा थरातल्या जिवाणूला पचते. एवढी मात्रा माणसाच्या रक्तात नेणे शक्य नसते. गोळी थरातून बाहेर पडलेले जिवाणू मारते, सूज उतरते, दहा-बारा दिवस बरे जातात. थर मात्र जागच्या जागी राहतो. अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९८७ मध्ये या प्रकाराला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले होते : नवा सांधा बसवला की त्याच्यावर शरीराच्या पेशी आधी स्थिरावतात की जिवाणू, यावर पुढचे सारे अवलंबून असते. जिवाणू आधी पोहोचले तर त्यांना औषधाने हुसकणे फार अवघड होते.

ध्वनिलहरींची कल्पना येथे येते, आणि ती मोहक का वाटते हे मला चांगले समजते. लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या सराफाकडे जुने कानातले उजळायला दिले तर तो ते पाण्याच्या छोट्या भांड्यात टाकतो, एक बटण दाबतो, आणि नक्षीच्या सांदीकोपऱ्यातला वर्षानुवर्षांचा मळ मिनिटा-दोन मिनिटांत धुराच्या रेघेसारखा सुटून येतो. त्या भांड्यात आपल्या कानांना ऐकू न येणारा, सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने असलेला ध्वनी सोडलेला असतो. त्यामुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. कठीण पृष्ठभागाजवळ फुटणारा बुडबुडा पाण्याची बारीक धार त्या पृष्ठभागाकडेच फेकतो आणि मळ सुटतो. मग गुडघ्यातल्या धातूवरचा जिवाणूंचा थर असाच का काढू नये?

एकवटलेल्या अल्ट्रासाऊंडमध्ये शरीराबाहेर ठेवलेल्या खोलगट उपकरणातून अनेक लहरी एकाच बिंदूकडे रोखल्या जातात, जसे भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून लहानपणी आपण कागद जाळत असू. त्वचेतून जाताना प्रत्येक लहर सौम्य असते; जिथे साऱ्या एकत्र येतात त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी मात्र एकतर प्रचंड उष्णता निर्माण होते, किंवा बुडबुडे फुटून पेशींच्या चिंधड्या होतात. हे कल्पनारंजन नव्हे. मूत्रखड्याचा पहिला रुग्ण म्युनिकमध्ये शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी १९८० मध्ये उपचारला गेला, आणि आज पुण्यातल्या कित्येक घरांत असा खडा फोडून घेतलेला माणूस सापडेल. एकवटलेल्या ध्वनीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भाशयातील गाठींसाठी २००४ मध्ये, हाताच्या विशिष्ट कंपासाठी २०१६ मध्ये आणि यकृतातील गाठींसाठी बुडबुड्यांच्या पद्धतीला २०२३ मध्ये परवानगी दिली. बायोफिल्मवरही काम झालेले आहे : अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात टिमोथी बिगेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवटलेल्या ध्वनीने ई. कोलाय जिवाणूंचे थर प्रयोगशाळेत नष्ट करून दाखवले आणि ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विल्यम पिट यांच्या गटाने वेगळी वाट धरली होती : सौम्य ध्वनीने थर न फोडता फक्त जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा त्यावरील परिणाम वाढवायचा.

परंतु सराफाच्या भांड्यात कानातले चहूबाजूंनी पाण्यात बुडालेले असते. आपल्या पत्नीच्या गुडघ्यात धातूची एक बाजू सांध्याकडे आहे आणि दुसरी बाजू हाडाला सिमेंटने जोडलेली आहे, आणि जिवाणू दोन्ही बाजूंना असू शकतात. ध्वनी एका पदार्थातून फार वेगळ्या पदार्थात शिरताना बव्हंशी परत फिरतो. स्नायूकडून टायटॅनियमवर सरळ आदळलेल्या लहरीची सुमारे चार पंचमांश ऊर्जा पृष्ठभागावरून परावर्तित होते. मांडीच्या हाडाच्या टोकावरील भागासाठी बहुधा वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू तर त्याहूनही अधिक परतवतो. म्हणजे धातूच्या समोरच्या बाजूवर नेम धरता येईल, पण त्याच्या आड, हाडाला लागून असलेल्या फटीत जो थर आहे तो सावलीत राहील. सांध्याच्या वक्र पृष्ठभागावर असे शेकडो दाणे शेजारी शेजारी, एकही जागा न सोडता मांडावे लागतील ही अडचण वेगळीच, कारण सुटलेल्या एका ठिपक्यातून थर पुन्हा वाढतो.

आणखी एक अडचण हाडाची आहे. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर दाखवून दिले की हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते. बायोफिल्ममधले जिवाणू उष्णतेने मारायचे तर याहून बरेच जास्त तापमान लागते, आणि धातू उष्णता भराभर पसरवतो. जंतू मरतील एवढे तापवावे आणि हाड वाचेल एवढेच तापवावे, या दोन अटींमधली जागा फार अरुंद आहे. बुडबुड्यांच्या पद्धतीत उष्णतेचा प्रश्न कमी होतो, परंतु थर फुटला की त्यातले जिवंत जिवाणू ऊतींत आणि रक्तात सुटतात, म्हणून प्रतिजैविक सोबत असावेच लागते. माझ्या मते अडचण ध्वनीच्या ताकदीत नसून पोहोचण्यात आहे, आणि बातमी वाचताना नेमके हेच निसटते, कारण प्रयोगशाळेतला धातूचा तुकडा उघड्यावर पाण्यात असतो.

आता आपल्या फाइलमधल्या त्या अहवालाकडे वळते. छिद्रातून आलेला पू टिपून तपासला, असे आपण लिहिले आहे. व्रणापासून सांध्यापर्यंत पोहोचणारे असे छिद्र असणे हा सांध्याला संसर्ग झाल्याचा जवळजवळ निर्णायक पुरावा मानला जातो. त्याबद्दल वाद नाही. परंतु संसर्ग कोणत्या जंतूचा आहे हे त्या छिद्रातल्या पुवावरून ठरवू नये, कारण स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस तुमच्या-माझ्या कातडीवर सुखाने नांदत असतो आणि छिद्राच्या तोंडाशी कापूस लावला की तो हमखास सापडू शकतो. तोच खरा अपराधी असण्याची शक्यता भरपूर आहे. कृत्रिम सांध्यांच्या संसर्गात तो नेहमीचा आहे. पण आत दुसराच कोणी असेल, किंवा दोघे असतील, तर या अहवालावर बेतलेला पुढचा सारा उपचार चुकेल. सांध्यातले पाणी निर्जंतुक पद्धतीने सुईने काढून तपासायला हवे, आणि ते काढण्यापूर्वी, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर, निदान दोन आठवडे प्रतिजैविके बंद ठेवावीत असा संकेत आहे. तिन्ही कोर्स या तपासणीशिवाय दिले गेले याचे मला वाईट वाटते, पण ते घडून गेले. चौथा कोर्स सर्जनना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, श्वास लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर मात्र तपासणीसाठी थांबू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.

गंमत अशी की ध्वनिलहरी आपल्या पत्नीच्या उपयोगी येऊ शकतात, फक्त जिथे आपण शोधत आहात तिथे नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेला सांधा निर्जंतुक डब्यात द्रव घालून सराफाच्या भांड्यासारख्याच यंत्रात ठेवला, तर त्यावरचा थर सुटून द्रवात येतो आणि त्या द्रवात जंतू वाढवून पाहता येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ३३१ रुग्णांच्या काढलेल्या सांध्यांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या ऊतींच्या तपासणीने ६०.८ टक्के संसर्ग ओळखले गेले, तर या पद्धतीने ७८.५ टक्के. आपल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ही सोय आहे का, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. सोय नसली तरी सांध्याभोवतीच्या ऊतींचे चार-पाच वेगवेगळे नमुने जंतूंच्या तपासणीसाठी पाठवले जातील एवढे पाहा. एका प्रसंगी असा काढलेला सांधा आमच्याकडे फॉर्मलिनमध्ये बुडवून आला होता. फॉर्मलिनमध्ये कोणताही जंतू उरत नाही, आणि त्या रुग्णाचे औषध शेवटपर्यंत अंदाजानेच चालले.

दोनदा टेबलावर जाण्याच्या भीतीबद्दल. सात महिन्यांचे दुखणे आणि उघडे छिद्र असताना सांधा जागेवर ठेवून केवळ आतून धुऊन काढण्याचा मार्ग सहसा उरत नाही. तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा लक्षणे सुरू झाल्यावर लगेच करायचा असतो. सांधा काढून त्याच वेळी नवा बसवण्याची एका टप्प्याची पद्धत मात्र आहे, आणि तिच्याबद्दल विचारण्यात काही गैर नाही. नितंबाच्या सांध्याबाबत ब्रिटन आणि स्वीडनमध्ये १४० रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुखणे आणि हालचाल यांच्या मोजमापात १८ महिन्यांनी दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही. गुडघ्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय एका टप्प्याचा विचार करण्यासाठी जंतू आधीच नेमका ओळखलेला असणे, त्याच्यावर चालणारे औषध हाती असणे आणि भोवतालची कातडी चांगली असणे इष्ट असते. उघडे छिद्र असेल तर बरेच सर्जन दोन टप्पेच पसंत करतात. सुईने काढलेल्या पाण्याचा अहवाल या निर्णयासाठीही लागेल.

दोन टप्प्यांत मधले आठवडे गुडघा रिकामा राहील असे आपल्या पत्नीला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मधल्या काळात प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात, त्याला स्पेसर म्हणतात. त्यातून औषध थेट त्या जागी पाझरत राहते. त्याचा एक प्रकार वाकणाराही असतो, आणि तो बसवलेले बरेच रुग्ण वॉकर घेऊन घरात फिरतात. आपल्या सर्जनचा विचार कोणत्या प्रकाराचा आहे, आणि त्या काळात शौचालयापर्यंत जाता येईल का, हे स्पष्ट विचारा. माणसे नकार देतात त्यामागे पुष्कळदा हाच प्रश्न असतो आणि तो लाजेने विचारला जात नाही.

औषधांबाबत दोन चाचण्या आपल्या कामाच्या आहेत. ब्रिटनमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या संसर्गाच्या एक हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले सहा आठवडे योग्य निवडलेल्या गोळ्या घेणे शिरेतून औषध घेण्याइतकेच परिणामकारक ठरले. तेव्हा महिनाभर सलाईन लावून पडून राहावे लागेल ही भीती प्रत्येक वेळी खरी नसते. फ्रान्समधील २०२१ च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या औषधानंतर १८.१ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला, तर बारा आठवड्यांनंतर ९.४ टक्क्यांत, म्हणून कालावधी स्वतःहून कमी करू नका. स्टॅफिलोकॉकस असेल आणि नवा सांधा बसवला असेल तर दुसऱ्या औषधाच्या जोडीला रिफाम्पिसिन देतात. क्षयाच्या गोळ्यांमुळे हे नाव आपल्या घरांत ओळखीचे आहे. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, पण मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम या औषधाने घटतो, त्यामुळे साखर अधिक वेळा तपासावी लागेल. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी तर शस्त्रक्रियेच्या आधीच करून घ्या, कारण वाढलेली साखर नव्या सांध्यालाही धोक्याची असते.

गोळ्यांवर वर्षानुवर्षे राहणे हा मार्ग वैद्यकात आहे, परंतु तो ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशांसाठी, नेमक्या ओळखलेल्या जंतूवर आणि नियमित देखरेखीखाली. दीड वर्ष पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालणाऱ्या स्त्रीला त्या गटात घालण्याचे कारण मला पत्रात दिसत नाही. थांबण्याची किंमत हाडातून मोजावी लागते : संसर्ग सांध्याभोवतीचे हाड खातो, सांधा ढिला होतो, छिद्राभोवतीची कातडी खराब होत जाते, अर्धवट औषधांना जंतू सरावतात, आणि पुढे जी शस्त्रक्रिया करावी लागते ती आजच्यापेक्षा मोठी असते.

फिजिओथेरपीच्या यंत्राबाबत वेगळे लिहावे लागते, कारण नावामुळे फसगत होते. त्या यंत्राची लहर एकवटलेली नसते, ती खोलवरच्या ऊतींना शेक देण्यासाठी असते, आणि जिथे संसर्ग आहे तिथे ती लावू नये असा त्या शास्त्राचाच नियम आहे. त्याने थर फुटणार नाही. रक्ताभिसरण वाढून संसर्ग पसरण्याचा धोका मात्र आहे. पोटाची सोनोग्राफी, सराफाचे भांडे, शेकाचे यंत्र आणि मूत्रखडे फोडणारे यंत्र या सगळ्यांना ध्वनीच लागतो, पण एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

उद्या कोणी हा उपचार प्रायोगिक म्हणून देऊ केला, तर भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर, त्या चाचणीची नोंद आहे का ते पाहा. ते कोणालाही विनामूल्य पाहता येते. नीती समितीच्या मंजुरीचा कागद मागा. आणि प्रायोगिक उपचारासाठी कोणी आपल्याकडूनच पैसे मागत असेल तर तेथून उठून या, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकता येत नाही.

राहिले पत्नीच्या नकळत लिहिलेले पत्र. त्यांचा नकार आपण मला कळवला आहे, पण सर्जनशी त्यांचे स्वतःचे बोलणे मागच्या दोन भेटींत झालेलेच नाही. त्यांना जे कळले ते आपल्या तोंडून आणि फाइलमधून. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. आपले सर्जन तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी कोणत्या दिवशी रुग्ण तपासतात हे दूरध्वनीवरून विचारा, त्या दिवशीची वेळ घ्या, आणि स्पेसरचा नमुना दाखवायची विनंती आधीच करून ठेवा. स्पेसर कसा असतो, किती वाकतो आणि किती दिवस राहतो, हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.